तासाभरासाठी काढलेली पट्टी

बोट मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या वर्षी मला कितीदा वाटलं याची गणती नाही. मोडलेल्या हाडाला लोक मान देतात. प्लास्टर चढवलं, हात गळ्यात अडकवला की शेजारीण कालवण आणून देते आणि घरात कुणी काम सांगत नाही. माझं फक्त बोटाचं टोक खाली पडलं होतं. रक्त नाही, सूज जेमतेम, दुखणं दोन दिवसांचं. त्यामुळे हे आजारपण आहे एवढं पटवण्यातच माझी निम्मी ताकद गेली आणि उरलेली निम्मी संतापात गेली. तो संताप अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांच्या घरात एखादं बोट असंच वाकून बसलंय आणि "चालतंय की" म्हणून सगळे गप्प आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

चादर खोचताना

साल बहात्तर. मी वीस वर्षांची. आम्ही भिंगारला राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. मूळचे आम्ही पाथर्डीकडचे शेतकरी. जमीन चुलते बघायचे आणि त्या वर्षी तिथं बघण्यासारखं काही उगवलंच नव्हतं. थोरली बहीण लग्न होऊन गेलेली. घरात आई, आबा आणि मी.

लिलावातून आणलेली एक लोखंडी कॉट होती. सकाळी तिच्यावरची चादर गादीखाली खोचत होते. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट लोखंडी कडेवर आपटलं आणि आत टक असा आवाज झाला. हात बाहेर काढला तर बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबत होतं. दुसऱ्या हातानं उचललं की सरळ व्हायचं, सोडलं की परत पडायचं. मी चार-पाच वेळा उचलून पाहिलं. पेंगणाऱ्या माणसाची मान पडावी तसं ते पडत होतं आणि माझ्या हुकुमाचा त्याच्यावर काडीचा परिणाम नव्हता.

आईला दाखवलं. तिनं स्टोव्हला पंप मारता मारता पाहिलं.

"हळद लाव," ती म्हणाली. "जाईल."

"आई, ते वर होतच नाहीये."

"बोटं काय, वाकत्यात. काम थांबतंय व्हय त्यानं?"

मला तेव्हा तिचा राग आला. लेकीच्या बोटापेक्षा हिला स्टोव्ह मोठा, असं वाटलं. तिनं ते वाक्य कुठून आणलं असेल, हा प्रश्न मला पडला नाही. पुढं पडला, पण त्याला दोन महिने लागले.

त्या बोटाखालची अक्षरं

मॅट्रिक झाल्यावर मी नगरला टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जात होते. मराठी तीसची परीक्षा द्यायची होती, म्हणजे मिनिटाला तीस शब्द. त्या प्रमाणपत्रावर सरकारी कचेरीत टंकलेखकाची जागा मिळायची. फॉर्म भरलेला होता. परीक्षेला अडीच महिने होते आणि मी अठ्ठावीसपर्यंत पोचले होते. आबांनी शब्द दिला होता की नोकरी लागली तर लग्नाची घाई करणार नाही. नोकरी नाही लागली तर काय, हे बोलून दाखवायची गरज नव्हती. आमच्या आत्याच्या पिशवीत स्थळं कायम तयार असायची.

टायपिंगमध्ये प्रत्येक बोटाला आपापली अक्षरं वाटून दिलेली असतात. माझ्या त्या बोटानं अक्षर दाबायला गेलं की दुमडलेलं टोक दोन कळींच्या मध्ये शिरायचं आणि दोन अक्षरं एकदम वर उठून एकमेकांत अडकायची. सर माझ्या मागं उभे राहून बघत होते. साठीचे, सडपातळ, कमी बोलणारे.

"बोटाला काय झालं?"

"चादर खोचताना लागलं, सर."

"चादर," ते म्हणाले, आणि कागदावरच्या चुका मोजायला लागले.

इथून पुढं मी हे "चादर" किती जणांना सांगितलं असेल. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच यायचं. बसमधून पडले, विहिरीत घसरले असं काही सांगायला मिळालं असतं तर माझी जरा तरी पत राहिली असती.

ओढणारे आणि हसणारे

आबा मला तालमीतल्या वस्तादांकडे घेऊन गेले. निखळलेले खांदे बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मला मान्य आहे. त्यांनी माझं बोट तेल लावून ओढलं. ओढलेलं असेपर्यंत बोट सरळ. "बसलं," ते म्हणाले. सोडल्यावर पडलं. "उद्या या," ते म्हणाले. असे आम्ही अकरा दिवस गेलो. त्या अकरा दिवसांत आत जे काही एकमेकांना चिकटू पाहत असेल, ते रोज संध्याकाळी शिस्तीत तोडलं जात होतं. हे आज कळतं. वस्तादांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो नगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या पहिल्या डॉक्टरांवर. त्यांना ठाऊक असायला हवं होतं. दोन तास रांगेत उभं राहून आम्ही टेबलापाशी पोचलो. त्यांनी बोट पाहिलं आणि माझ्याकडे न बघता आबांना विचारलं, "घरकामाला काय अडतं का हिच्या?"

"न्हाई, तसं काय अडत न्हाई," आबा म्हणाले.

"मी टायपिंग करते," मी म्हणाले.

"मग नऊ बोटांनी करायचं," असं म्हणून ते हसले आणि पुढचा केसपेपर ओढला. आबाही हसले. डॉक्टर हसल्यावर हसायचं असतं, असं त्यांना वाटलं असावं. मी तिथंच उभी राहिले. मागचे लोक ढकलत होते तरी हलले नाही. शेवटी शेजारी बसलेल्या सिस्टरनं माझ्या केसपेपरवर स्वतःच्या हातानं "हाडांचे डॉक्टर, गुरुवार" असं लिहिलं आणि तो माझ्या हातात कोंबला. त्या सिस्टरचं नाव मी विचारलं नाही, याची अजून चुटपुट लागते.

गुरुवार

हाडांचे डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून एकदा यायचे. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, आबांना नाही. एवढ्यानंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे मी किती कावले होते ते बघा.

ते म्हणाले, बोटाच्या पाठीवरून एक दोरी जाते. ती टोकाला वर उचलून धरते. तुझी ती दोरी टोकाशी तुटली आहे. हाडाला काही झालेलं नाही, म्हणून दुखत नाही. पण दुखत नाही म्हणून बरं आहे असं नाही. असंच सोडलं तर मधला सांधा उलट्या बाजूला कलायला लागेल आणि मग सगळं बोटच वेडंवाकडं होऊन बसेल.

"आणि ओढून, चोळून ती दोरी जुळत नाही," ते म्हणाले. "टोक वर धरून ठेवलं की तुटलेली टोकं शेजारी-शेजारी येतात आणि हळूहळू सांधतात. सहा आठवडे."

त्यांनी ॲल्युमिनियमची छोटी पट्टी कापली, कडा घासल्या, आतून कापूस लावला आणि बोटाच्या शेवटच्या सांध्याला चिकटपट्टीनं बांधली. मधला सांधा मोकळा. एवढीच ट्रीटमेंट. मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"बेचाळीस दिवस. या बेचाळीस दिवसांत हे टोक एकदाही खाली येता कामा नये. पट्टी धुवायची असेल तर बोट टेबलावर सपाट ठेवून काढायची, सपाट असतानाच परत बांधायची. एकदा जरी टोक पडलं, एका क्षणापुरतं, तर झालेलं सांधकाम तुटतं. मग मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. कळलं?"

कळलं. बेचाळीस दिवसांनंतर परीक्षेला पंधरा दिवस उरत होते. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि दोनदा बोटांवर मोजून पाहिलं.

जेवायचा हात

बोटाला पट्टी बांधून जगणं अवघड नसतं. लोकांमध्ये जगणं अवघड असतं.

जेवायचा हात उजवा. तीन बोटांनी घास घ्यायला मी शिकले, पण पट्टीला कालवण लागायचंच, आणि लागलं की शेजारच्या काकू म्हणायच्या, "जेवताना तरी सोड की गं ती." पाणी दिवसाआड यायचं तेव्हा नळावर हंडे धरायला मी तळहात आणि मनगट वापरायचे. तिथंही तेच. "एवढंसं तर बोट, काय नखरे." मी प्रत्येकीला दोरीची गोष्ट सांगायचे. दहा दिवसांनी सांगणं सोडून दिलं.

भाकरी थापणं बंद झालं. बाजरीच्या भाकरीला दहाही बोटं लागतात, हे मला तेव्हा समजलं. आधी वाटायचं, तळहातानं होते. ते काम पूर्ण आईवर गेलं. ती काही बोलली नाही. फक्त भाकऱ्या लहान व्हायला लागल्या. आबा एकदा म्हणालेही, "आजकाल भाकरीला काय झालंय?" आई म्हणाली, "पीठ संपत आलंय."

सरांनी मला मशीनवर बसू दिलं नाही. "चुकीच्या बोटाची सवय लागली तर मी जन्मभर काढत बसेन," ते म्हणाले. पण खिडकीजवळचं माझं मशीन त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. मी रोज जायचे, डाव्या हाताचा सराव करायचे आणि उजव्या हाताची अक्षरं डोळे मिटून मनात म्हणायचे. ते येता-जाता हळूच विचारायचे, "कितवा?" मी दिवस सांगायचे. त्या अख्ख्या महिन्यात त्या दिवसांची मोजदाद ठेवणारं माझ्याखेरीज तेवढं एकच माणूस होतं.

तेहतिसावा दिवस

त्या दिवशी सकाळी आत्या आली. आबांची थोरली बहीण, नेवाशाची. येतानाच स्थळ घेऊन आली होती. म्हणजे मुलाकडचे लोक दुपारच्या गाडीनं येणारच होते आणि आम्हाला सांगायला ती चार तास आधी पोचली होती. राहुरीकडचं घर, मुलगा साखर कारखान्यात टाइमकीपर.

तिनं माझी पट्टी पाहिली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "ते काढ."

"आत्या, नाही काढता येत. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टरला पोरगी द्यायची न्हाई आपल्याला. लोक काय म्हनतील? पोरीत खोट हाय, बांधून ठिवलीय म्हनतील."

मी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "तुमचं बायकांचं तुमी बघा," आणि सतरंजी झटकायला अंगणात गेले. मला वाटलं, आई तरी माझी बाजू घेईल. आई माझ्याजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तासाभराचाच तर प्रश्न हाय, सुमे. बोट ताठ धर म्हंजी झालं. परत बांधू."

"आई, ते ताठ धरता येत नाही. तोच तर आजार आहे."

"धरता येतं. मन घट केलं की सगळं धरता येतं."

इथं मला खोटं लिहायचं नाही. त्यांनी माझा हात पिरगाळला नाही, मला कोंडलं नाही. आईनं चिकटपट्टीचं टोक नखानं सोडवलं तेव्हा हात मीच पुढं केला होता. तेहतीस दिवस साऱ्या भिंगारशी भांडले आणि चौतिसावा यायच्या आधी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हरले. का, ते मला आजही सांगता येत नाही. लुगडं नेसवून, वेणी घालून तयार केलेली मुलगी वाद घालण्याच्या अवस्थेत नसते, एवढंच म्हणते.

पट्टी सुटली तेव्हा बोट सरळ होतं. खरोखर सरळ. तेहतीस दिवसांत दोरी जुळत आली होती. मी डाव्या हाताच्या बोटानं त्याला खालून आधार दिला आणि मनात म्हणाले, तासभर.

मग पोह्यांचा ट्रे हातात आला. ट्रे दोन्ही हातांनी धरावा लागतो. पहिल्या पायरीवरच त्याचं सगळं वजन त्या बोटाच्या टोकावर आलं आणि आत काहीतरी ओलं, बारीक तुटल्यासारखं झालं. आवाज झाला नाही. मी पोहे दिले, नाव लिहून दाखवलं, चालून दाखवलं. मुलाची मावशी म्हणाली, "हात बघू." मी हात पुढं केले आणि सगळ्यांच्या देखत ते टोक खाली लोंबलं.

"हे असं का?" मावशींनी विचारलं.

"टायपिंगनं," आत्या पटकन म्हणाली. "लई करती."

मुलाचे वडील बशी खाली ठेवून म्हणाले, "बोटं वाकत्यात तर शिकवायचं कशाला ते?"

मुलगा पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. आठ दिवसांनी राहुरीहून कार्ड आलं, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका त्यांनी मागितलेलीच नव्हती.

दोन हात

पुढच्या गुरुवारी मी आबांना येऊ दिलं नाही. "पट्टी जिनं काढली, ती येईल," असं म्हणाले. मी आईशी इतकं तोडून आधी कधी बोलले नव्हते. आई मुकाट्यानं चप्पल घालून निघाली.

डॉक्टरांनी बोट उचललं, सोडलं. पडलं.

"आज पहिला दिवस," मग ते म्हणाले. "आणि आता सहा नाही, आठ आठवडे."

म्हणजे परीक्षा गेली. मला ते माहीत होतं. मी म्हणाले, "आईनं काढली, पाहुणे येणार होते म्हणून." मला तिला त्यांच्याकडून बोलणी खायला लावायची होती. लाज वाटते, पण तेवढ्यासाठीच तर तिला आणलं होतं.

आई घाबरली. एरवी चारचौघांत ती हात पदराबाहेर काढत नसे. आम्ही ते तिचं वळण समजायचो. आज बोलण्याच्या भरात ती पुढं झाली. "अहो डाक्टर, एका तासानं असं काय व्हतंय? मी स्वता बघितलं, हे असं सरळ हुतं," असं म्हणत तिनं माझं बोट धरायला हात पुढं केला.

डॉक्टरांनी माझा हात सोडला आणि तिचा धरला.

"हे कधीपासून?"

आईनं हात ओढायला पाहिला. त्यांनी सोडला नाही. दिव्याखाली तो हात मी पहिल्यांदा पाहिला, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. त्याच हातानं रोज वाढलेलं मी खात होते. मुठीचे सांधे फुगलेले, चारही बोटं करंगळीच्या बाजूला कललेली, मधलं बोट मधल्या सांध्यात उलटं वाकून टोकाला परत खाली आलेलं. माझ्या बोटाचं पुढं जे होईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याच वळणाचं.

"हे काय, कामाची बोटं हायेत," आई म्हणाली.

"सकाळी उठल्यावर मूठ वळते?"

आईनं दुसरा हात पदरात घेतला.

"आई, मूठ वळते का?" मी विचारलं.

"तासभर न्हाई वळत," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मंग वळती."

"मग तासभर काय करता?"

"सगळ्यांच्या आधी उठती. पानी कोमट करून हात बुडवून बसती. ही उठूस्तोवर वळत्यात बोटं."

आमच्याकडे दिवसाआड हंडे मोजून पाणी येत होतं. ते कोमट पाणी ती नंतर भांड्यांना वापरायची. सकाळी मी उठायचे तेव्हा भांडी घासलेली असायची आणि मला वाटायचं, आईला झोप कमी लागते.

"किती वर्षं?"

"धाकटीच्या बाळंतपनापासून." धाकटी म्हणजे मी.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा संधिवात आहे," ते म्हणाले. "जी बोटं कलली ती सरळ होणार नाहीत. मी खोटं सांगत नाही. पण उरलेलं वाचवता येईल. गोळ्या जेवणावर घ्यायच्या, रोज. आठवड्यातून दोनदा इथं मेणाचा शेक. रात्री दोन्ही हातांना पट्ट्या. कपडे पिळायचे नाहीत, हंडे उचलायचे नाहीत."

"पोरीचं बघा आधी," आई म्हणाली.

वीस वर्षं. तिच्याविषयीचा माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. मन घट केलं की सगळं धरता येतं, हे ती मला उगीच म्हणाली नव्हती. ती ते रोज करत होती, आणि तिनं माझ्याकडूनही तेवढंच मागितलं होतं.

घरी आल्यावर मी आबांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

आबा पेपर वाचत होते. "बोटं तर सगळ्यांचीच दुखत्यात," ते म्हणाले आणि पान उलटलं. तो राग कुठं ठेवायचा हे मला चांगलं कळलं.

बाक

मंगळवार-शुक्रवार आम्ही दोघी दवाखान्यात जायला लागलो. शेकाच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. त्यावर सात-आठ बायका बसलेल्या असायच्या. खेड्यातल्या, शहरातल्या, विड्या वळणाऱ्या, खडीवर काम करणाऱ्या, एक तर शाळेतली मास्तरीण. आणि सगळ्यांचे हात पदराखाली. मला पहिल्या दिवशी ते दृश्य बघून ओरडावंसं वाटलं. चोरी केल्यासारखे हात लपवून का बसलाय तुम्ही?

आत एका पातेल्यात वितळलेलं मेण असायचं. त्यात हात बुडवून काढायचा, थर बसू द्यायचा, परत बुडवायचा. आईनं पहिल्यांदा हात बुडवला तेव्हा तिचे खांदे खाली आले. इतकी वर्षं तिचे खांदे वर चढलेले असायचे हे मला ते खाली आल्यावर कळलं. त्यानंतर ती बाकावरच्या बायकांशी बोलायला लागली. कुणाची कुठली बोटं, कुणाला गोळ्यांनी पोटात आग होते, पदर अंगावर घेता न येण्यावर कुणी काय युक्ती काढली. चांगल्या हसायच्या त्या सगळ्या.

घरी कपडे पिळायचं काम आबांवर आलं. सांगून आलं नाही. मी ओले कपडे बादलीत तसेच ठेवून दिले. दोन दिवस बादली तशीच होती. तिसऱ्या दिवशी आबांना कामावर जायला शर्ट उरला नाही, तेव्हा त्यांनी पिळले.

आधी हे बघा

माझ्या दुसऱ्या फेरीच्या सातव्या आठवड्यात आत्या परत आली. या वेळचं स्थळ श्रीरामपूरचं. आल्याआल्या तिनं माझ्या बोटाकडे बघितलं आणि मग आईकडे बघितलं.

"तासभर काढ की गं ती."

मी काही बोलायच्या आधी आई म्हणाली, "न्हाई काढायची, वन्सं."

"मागच्या बारीला काय झालं, ठाव हाय ना?"

"ठाव हाय. मीच काढली हुती."

पाहुणे आले. पोहे आईनं एकेक बशी करून नेले, ट्रे नाही. मी पट्टी बांधलेला हात मांडीवर उघडा ठेवून बसले. मुलाच्या काकूंनी विचारलंच, "बोटाला काय लावलंय?" आत्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात आई पुढं येऊन सतरंजीवर बसली, पदराखालून दोन्ही हात काढले आणि सगळ्या पाहुण्यांच्या मधोमध पालथे ठेवले.

"तिचं बोट सरळ व्हतंय, म्हनून पट्टी हाय," ती म्हणाली. "ज्यांना कुनी पट्टी लावली न्हाई, ती बोटं ही अशी व्हत्यात. बघायची तर आधी ही बघा."

काकूंनी नजर वळवली. आईनं हात लगेच उचलले नाहीत. ते लोक चहा घेऊन गेले आणि परत त्यांचं कार्डसुद्धा आलं नाही. आत्या दोन महिने आमच्याकडे फिरकली नाही. उरलेले पोहे आम्ही दोघींनी पातेल्यातूनच खाल्ले, मी तीन बोटांनी आणि आई चमच्यानं. चमचा तिला डॉक्टरांनी सांगितला होता. जाड मुठीचा, चिंध्या गुंडाळून मी केलेला.

शेवटचं

छप्पन्नाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. मी डोळे मिटून घेतले होते. "बघ," ते म्हणाले. टोक वर होतं. अगदी इतर बोटांसारखं नाही, किंचित खाली, पण सोडल्यावर पडत नव्हतं. मी सरांकडे गेले. "कितवा?" त्यांनी विचारलं. "संपले," मी म्हणाले. त्यांनी खिडकीजवळच्या मशीनवरचं आच्छादन काढलं.

पुढच्या खेपेला मी परीक्षा दिली आणि पास झाले. सहा महिने उशिरा. ते सहा महिने मला कुणी परत दिले नाहीत आणि ते मी विसरलेही नाही. तुमच्या बोटाला पट्टी असेल आणि कुणी म्हणालं, तासाभरासाठी काढ, तर पट्टी काढू नका. माणूस कितीही प्रेमाचं असलं तरी काढू नका. आणि घरात पदराखाली कुणाचे हात आहेत, ते एकदा दिव्यापाशी नेऊन बघा.

निकाल लागला त्या दिवसाची एक गोष्ट राहिली. संध्याकाळी मी पेढे घेऊन घरी आले. आई पाटावर बसली होती, समोर परातीत पीठ तसंच.

"आज लई दुखतंय गं," ती म्हणाली. "भाकरी तू थाप."

मी थापली. बोट जपायचं म्हणून परीक्षेपर्यंत आईनं थापू दिली नव्हती, सवय गेलेली. पहिली भाकरी कडेला फाटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. आबा ताटावर बसले होते. त्यांनी ती फाटकी भाकरी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि आईकडे बघून म्हणाले, "हे काय?"

"खावा," आई म्हणाली. "माझी बोटं दुखत्यात."

त्यांच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. आबांनी हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.